भरलेल्या डस्टरचं चेंबर लागतंय, गाडी उचलून घ्यावी का?

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ची डस्टर एडब्ल्यूडी (म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह), डिझेल, ९४ हजार किमी झालेली. राहायला पुण्यात, गाव राजापूर तालुक्यात, पाचलपासून आत. अणुस्कुरा घाट उतरेपर्यंत काही तक्रार नाही. शेवटचे अडीच किलोमीटर कच्चे आहेत. चिऱ्याच्या खाणीचे डंपर त्याच वाटेने जातात, त्यामुळे दोन चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मध्ये गवताचा वरंबा उभा राहिलाय. वाटेत एक वहाळ (ओढा) लागतो. तिथे खाली उतरताना गाडीच्या पोटाला जो आवाज होतो तो ऐकून बाबा दर खेपेला "गेलं चेंबर!" म्हणतात. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, अजून शाबूत आहे, पण या मे महिन्यात सायलेन्सरचा पाइप दबला.

गंमत अशी की मी एकटा गेलो तर काहीच लागत नाही. सहकुटुंब गेलो की लागतं. म्हणजे पाच माणसं, जाताना किराणा, येताना पाच डझनांच्या सहा पेट्या, वर एखादा फणस आणि काकूने दिलेलं तांदळाचं बाचकं.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचा, कंपनीचा आकडा २१० मिमी. इथल्या एका दुकानदाराने चारही चाकांना ३० मिमीचे स्पेसर (स्प्रिंगच्या वर बसवायच्या जाड चकत्या) सुचवलेत, अर्ध्या दिवसात गाडी हातात म्हणतो. फोर व्हील ड्राइव्ह असल्याने काही वेगळी भानगड होते का? कुणी केलंय का?

घाटवाट
बिनधास्त करा. मी माझ्या गाडीला ४० मिमी करून दोन वर्षं झाली. स्पीडब्रेकरवर आता गाडी तिरकी घालावी लागत नाही. रुबाब वाढतो तो वेगळाच.

दहाचा_पाना
करा किंवा करू नका, पण आधी टेप घ्या. वडिलांच्या गॅरेजात वाढलोय म्हणून सांगतो, "गाडी उचलून द्या" म्हणत येणाऱ्या दहापैकी निम्म्या गाड्या मुळात बसलेल्या असतात.

गाडी सपाट फरशीवर उभी करा. जॅकवरून आत्ताच उतरवली असेल तर आधी चार पावलं पुढे-मागे ढकला, नाहीतर चाकं आत ओढलेली राहतात आणि माप खोटं येतं. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायर आणि हवा मिसळते. चारही चाकांचं माप लिहा. तसंच गाडी भरून पुन्हा मोजा. आणि ओळखीत कमी चाललेली, त्याच मॉडेलची गाडी असेल तर तिचंही. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन उकिडवं बसताना लाज वाटते, पण हजारो रुपये वाचतात.

बोलेरोप्रेमी
एवढा सव्यापसव्य कशाला? मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत एक पाटा वाढवा, झालं काम. आमच्या बोलेरोला मी हेच केलं.
अवांतर: डस्टर विका, बोलेरो घ्या. (हलके घ्या.)

दहाचा_पाना
@बोलेरोप्रेमी, डस्टरला पाटेच नाहीत हो. एडब्ल्यूडीला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पुढच्यासारखाच स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. टू व्हील वाल्या डस्टरला मागे दोन्ही चाकं जोडणारी आडवी टॉर्शन बीम, या गाडीला नाही.

आणि पाटा वाढवून तुमची बॉडी उंच झाली, पण मागच्या एक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहिला. अखंड एक्सल चाकांच्या मध्यावर बसलेला असतो. वर कितीही स्प्रिंग चढवा, गोळा तेवढाच खाली लोंबणार. तो वर घ्यायचा असेल तर टायर मोठा करणे हा एकच मार्ग. मात्र गाडी भरली तरी तो आणखी खाली जात नाही, ही त्याची चांगली बाजू. जिप्सीचा आकडाही २१० मिमीच होता, पण तो त्या गोळ्याखालचा. बाकीचं पोट त्याहून बरंच वर. त्यात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३७५ मिमी, डस्टरचा २६७३. म्हणून त्या वहाळात जिप्सी न घासता जाईल आणि डस्टर घासेल, कागदावर दोघींचा आकडा एकच असला तरी.

डस्टरचा मागचा डिफरन्शियल बॉडीबरोबर वर-खाली होतो. माणसं बसली की तोही खाली, सायलेन्सरही खाली, सगळंच खाली. आकडा मात्र रिकाम्या गाडीचा धरून आपण गावाला निघतो.

बोलेरोप्रेमी
+१. गोळ्याचं मान्य. गाडी विकायचा सल्ला कायम.

अडीच_आणे
टायरचा हिशोब करून देतो. सध्याचा साइझ २१५/६५ आर१६ असेल. टायरची उंची २१५ च्या ६५ टक्के म्हणजे १३९.७५ मिमी, दोन्ही बाजूंची मिळून २७९.५, अधिक रिम ४०६.४. एकूण व्यास ६८५.९ मिमी. २१५/७० घातला तर ७०७.४. व्यास साडेएकवीस मिमीने वाढला, पण गाडी वर येणार त्याच्या निम्मी, पावणेअकरा मिमी. उरलेलं वाढतं चाकाच्या वरच्या बाजूला, म्हणजे मडगार्डकडे. स्पीडोमीटर तीन टक्के कमी दाखवेल. गिअरही तेवढे लांब होतात, म्हणजे घाटात ओढ किंचित कमी.

तुमचे टायर किती झिजलेत ते सांगा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. दोनवर आली असेल तर ६ मिमी तिथेच गेले, आणि ते पूर्णच्या पूर्ण गेले, निम्मे नाहीत.

घाटवाट
मागचे दोनच टायर मोठे घातले तर? भार मागेच येतो ना.

दहाचा_पाना
नको नको नको. फोर व्हीलमध्ये हे अजिबात नाही. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या घेराची झाली की एवढंच अंतर जायला दोघांना वेगवेगळे फेरे लागतात. पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला वाटतं चाक घसरतंय, ते सारखं जोडलं जातं आणि तापतं. लॉकवर टाकून डांबरावर चालवली तर विचारूच नका. चारही टायर एकाच साइझचे, एकाच मेकचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. पंक्चरवाला "दोनच बदला साहेब" म्हणाला तरी.

आता धागाकर्त्याच्या मूळ शंकेकडे. स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर बसवला की स्ट्रट जसाच्या तसा राहतो आणि अख्खा खाली सरकतो. गाडी खड्ड्यात चाक सोडते तेव्हा चाक पूर्वीपेक्षा ३० मिमी जास्त खाली लोंबतं. त्या टोकाला ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट, खालचा बॉल जॉइंट, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर, सगळ्यांना ताण. टू व्हील गाडीत असे दोन शाफ्ट, तुमच्याकडे चार. प्रत्येकाच्या दोन टोकांना जॉइंट, म्हणजे आठ रबरी बूट. एक फाटला की ग्रीस बाहेर, लाल माती आत, आणि महिन्याभरात वळताना कटकट सुरू.

२० मिमीपर्यंत बहुतेक गाड्या कुरकुरत नाहीत, असा माझा अनुभव. तीसला विचार करायचा. चाळीस मी करून देत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

फॉर्च्युनरवाल्या मित्राचं ऐकून माप ठरवू नका. तिथे पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर-खाली दोन आर्म आहेत, स्ट्रट खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकतो, त्यामुळे १५ मिमीच्या स्पेसरने गाडी जवळपास दुप्पट उठते. डस्टरमध्ये जेवढा स्पेसर तेवढीच उंची, थोडी कमीच.

माहेर_राजापूर
मी त्याच भागातली, लग्नानंतर चिंचवडला. तुम्ही सगळे मिलिमीटरात बोलताय म्हणून एक घरगुती माप सांगते. आमची गाडी तीन वर्षांपूर्वी दोन इंच उचलली. सासूबाईंचे गुडघे आधीच दुखरे, त्यांना सीटवर चढता येईना. मग दोन्ही बाजूंना पायऱ्या बसवल्या. त्या पायऱ्या सायलेन्सरच्याही खाली आल्या! पहिल्याच गणपतीला उजवी पायरी वरंब्याला अडकून वाकली. आता दार उघडताना खालून घासतं. दोन इंच उचलून तीन इंच परत खाली आलो, अशी आमची कथा.

दुसरं, चाकोरीत चाकं घालता कशाला? एक बाजू वरंब्यावर आणि दुसरी चाकोरीच्या बाहेर, कडेच्या गवतावर. गाडी आपोआप उंच जाते. माझे वडील जुनी अँबॅसेडर याच रस्त्यांवर असेच चालवायचे. आणि वहाळापाशी माणसं उतरवा. चार जण उतरले की गाडी केवढी वर येते बघा. मुलांना मजाही वाटते.

सड्यावरचा
ताई, आईचे गुडघे हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आत्ताच ती "जरा हात दे रे" म्हणते.

टेप घेऊन बसलो. वॉचमनने "साहेब, गाडी विकताय का" विचारलं. सोसायटीत एक २०१८ची एडब्ल्यूडी आहे, फक्त ३१ हजार चाललेली. तिच्याशी ताडून पाहिलं:

माझी रिकामी गाडी मागे डावीकडे २२ मिमी खाली, उजवीकडे १९. पुढे दोन्ही बाजूंना ८. मग रविवारी घरच्यांना बसवलं, डिकीत पाण्याचे कॅन भरून पेट्यांइतकं वजन केलं. मागे आणखी ४४ मिमी खाली, पुढे १३. टायरची नक्षी अडीच मिमी उरलीय.

म्हणजे मागे साठीच्या वर मिमी गेले आणि मी तीससाठी भांडतोय. बाबा म्हणाले, "मी दहा वर्षं सांगतोय गाडी बसलीय." त्यांनी सांगितलेलं मला आठवत नाही, पण असो.

अडीच_आणे
वा! इतका स्वच्छ विदा या विभागात प्रथमच पाहिला. साष्टांग दंडवत.

कलम_बहाद्दर
तांत्रिक चर्चा उत्तम चाललीय, तिच्यात कायद्याचं मीठ टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

"आरसी बुकात ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेलाच नसतो" हा युक्तिवाद मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. रस्त्यावरचा हवालदार टेप काढणार नाही हे खरं. पण अपघात झाला, कुणी जखमी झालं, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेयरने खाली वाकून लाल रंगाचे स्पेसर पाहिले, तर तो युक्तिवाद तिथे किती टिकेल याचा विचार करा. कंपनीच्याच मापाची नवी स्प्रिंग घालणं ही दुरुस्ती झाली, त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

घाटवाट
सगळीकडे कायदा आणला तर छंद कसे जोपासायचे?

मेलबर्नचा_मावळा
आमच्याकडे छंद आणि कायदा दोन्ही आहेत. इथे लिफ्ट हा मोठा धंदा आहे, आणि ठरावीक मर्यादेपुढे उंची वाढवली तर इंजिनियरचं प्रमाणपत्र लागतं. इथली मंडळी उंचीपेक्षा वजनाबद्दल जास्त बोलतात. गाडी वर्षभर भरलेली असते की कधीतरी? कायम भरलेली असेल तर कडक स्प्रिंग. कधीतरी भरत असेल तर कडक स्प्रिंगने उरलेले ३५० दिवस गाडी बैलगाडीसारखी उडते. तुमची गाडी वर्षातून दहा-बारा दिवस पूर्ण भरते असं दिसतं, म्हणून कंपनीचीच स्प्रिंग बरी.

आणि वजन पुढे सरकवा. पेट्या डिकीच्या दाराला चिकटून नकोत, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. जड वस्तू मागच्या चाकाच्या मागे गेली की तरफेसारखी मागची बाजू दाबते आणि पुढची उचलते.

पणजीकार
स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे ते रबरी बफर कसे? पणजीत एका दुकानात पाहिले. स्वस्त आहेत.

दहाचा_पाना
बफर जिथे बसतो तिथलं वेटोळं काम करायचं थांबतं. उरलेल्यांवर सगळा भार. गाडी थोडी वर राहते, कडक होते, आणि स्प्रिंग म्हातारी असेल तर बफरच्या कडेशीच तुटते. दोन तुटलेल्या स्प्रिंगा माझ्या फडताळात शोभेला ठेवल्यात. थकलेल्या स्प्रिंगला बफर म्हणजे म्हाताऱ्याला घट्ट पट्टा बांधून पोतं उचलायला लावणं.

सड्यावरचा, माझा सल्ला: मागच्या दोन्ही स्प्रिंगा कंपनीच्या, जोडीने. डावीउजवी एकत्रच. खोललंच आहे तर शॉकअप, बंप रबर आणि वरचे माउंट बघून घ्या. पुढचे ८ मिमी सोडून द्या, तेवढं बसणं चालतं.

आणि एक गोष्ट मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करून घ्या. लोअर आर्मचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना पक्के कसायचे नाहीत. नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबायची आणि मग कसायचे. टांगलेल्या अवस्थेत कसले तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी एक-दोन सेंटिमीटर ताठ दिसते आणि सहा महिन्यांत बुश फाटतो. बऱ्याच "लिफ्ट"मधला काही भाग हा पिळलेल्या रबराचाच असतो. शेवटी अलाइनमेंट.

घाटवाट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

घाटवाट
आधीचा प्रतिसाद रागाने लिहिला होता, काढला. प्रामाणिकपणे सांगतो. दहाचा_पाना यांचं वाचून काल गाडी रॅम्पवर घेतली. पुढच्या डाव्या शाफ्टचा आतला बूट फाटलाय. ऐंशीच्या पुढे जो थरथराट यायचा तो मी दोन वर्षं व्हील बॅलन्सिंगच्या माथी मारत होतो, चार वेळा बॅलन्सिंग केलं. ज्या दुकानात लिफ्ट केली ते म्हणतात, बूट "नॉर्मल झीज" आहे. ४० चे स्पेसर काढून २० चे घालतोय. रुबाब निम्मा झाला.

माहेर_राजापूर
रुबाब चालकाचा असतो हो, गाडीचा नाही.

अडीच_आणे
अवांतर: सगळे स्पीडब्रेकरला शिव्या घालतात म्हणून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच हवा. असा असेल तर हॅचबॅकसुद्धा घासणार नाही. आमच्या सोसायटीच्या दारातला मी मोजला: रुंदी ६० सेंटिमीटर, उंची १७. अध्यक्षांना पत्र दिलंय. अध्यक्षांची स्वतःची सेदान आहे, तरी.

सड्यावरचा
उशीर झाला, माफी. दिवाळीला गावी जाऊन आलो, म्हणून आता लिहितो.

मागच्या दोन्ही स्प्रिंगा, शॉकअप आणि बंप रबर बदलले. बोल्ट कसताना शेजारी उभा होतो. मेकॅनिक आधी "आम्ही तीस वर्षं असंच करतो" म्हणाला, मग चहा झाल्यावर ऐकलं. मागची बाजू २१ मिमी वर आली. चारही टायर नवे घेतले, त्याच साइझचे, त्यात साडेपाच मिमी. म्हणजे साडेसव्वीस, आणि स्पेसर एकही नाही. शिवाय ३ मिमी जाडीचा पत्र्याचा चेंबर गार्ड लावला, ऑइल सोडायला भोक ठेवून. भोक नसेल तर दर सर्व्हिसला गार्ड खोलावा लागतो. गार्डमध्ये माती साचते, ती पाइपने धुऊन काढायची.

खर्च लिफ्टपेक्षा जास्त झाला, हे लपवत नाही. टायर नाहीतरी घ्यायचेच होते अशी मी स्वतःची समजूत काढली.

ताईंच्या पद्धतीने एक बाजू वरंब्यावर घेऊन गेलो, पहिल्या गिअरमध्ये. या गाडीचा पहिला गिअर इतका आखूड आहे की चालत्या माणसाच्या वेगाने जाता येतं, दहा वर्षांत मी ते नीट वापरलंच नव्हतं. वरंबा कुठेही लागला नाही. वहाळात मात्र पुन्हा तोच आवाज. सगळे खाली उतरले, मी टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घातलं. गार्डवर एकच लांब ओरखडा. त्याच्या रेषेत मागे पाहिलं तर पाण्याच्या कडेला एक काळवत्री दगड वर आलेला, वीतभर उंच आणि गुळगुळीत. त्यावर माझ्या गाडीच्या, आणि कुणाकुणाच्या, रंगाच्या आणि लोखंडाच्या खुणा.

चुलतभाऊ काठावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "गाडी कशाला उचलतंस, धोंडा उचल की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार, फावडं आणि चार माणसं. वर दिसत होता त्याच्या तिप्पट जमिनीत. दोन तास लागले. खड्ड्यात जांभ्याचे तुकडे आणि मुरूम भरला. येताना पेट्या नव्हत्या, पण तांदूळ, नारळ आणि पाच माणसं होती. आवाज नाही. बाबा सवयीने "गेलं" एवढं म्हणून थांबले.

धोंडा टाकून द्यायला जिवावर आलं. तो आता अंगणात, गाडी उभी करतो तिथे पुरलाय. आई त्यावर पाय ठेवून चढते.

माहेर_राजापूर
फोटो टाका ना धोंड्याचा.

सड्यावरचा
पुढच्या खेपेला. चिखल धुतल्यावर.